कोंबडीच्या फोटोमागची दीपमाला

नागपूर, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय काकू,

माझं पत्र बघून कोणी वारलं की काय, असं तुला वाटलं असेल. सगळे ठणठणीत आहेत. आमच्या सरांना फक्त एक कल्पना सुचली आहे. मी नागपुरात डिजिटल माध्यमं शिकायला आले, आणि त्याचा पहिला धडा असा की या सत्रात गावाकडच्या एका माणसाशी फक्त कागदावर बोलायचं. फोन बंद, मेसेज बंद. वाट पाहणं म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कळायला हवं म्हणे. सर रोज वर्गात उशिरा येतात, त्यामुळे ते आम्हाला चांगलंच कळलेलं आहे. पत्रं ते वाचणार नाहीत, फक्त लिफाफ्यांवरचे शिक्के बघणार. भंडाऱ्याहून आई म्हणाली, सानगडीच्या काकूला लिही, तिला तेवढाच विरंगुळा.

आता कामाचं. माझ्या प्रकल्पाचा विषय आहे 'इंटरनेटवरची खोटी ओळख'. एक खोटं खातं निवडायचं आणि त्यामागचा खरा माणूस शोधायचा. मी 'दीपमाला' निवडली आहे. तू इंटरनेटवर नसतेस म्हणून सांगते. ही कोणी दीपमाला गेल्या दिवाळीपासून आपल्या भागातल्या मंडईच्या नाटकांवर लिहिते. लिहिते कसली, सोलून काढते. दिवाळीनंतर गावाची मंडई भरली, जत्रा उसळली, रात्रभर नाटक झालं, की पहाटे हिचा लेख हजर. फोटो लावलाय कोंबडीचा. आडनाव नाही, गाव नाही. तरी अकरा हजार लोक तिला वाचतात. मी भाड्याने कॅमेरा आणून 'हॅलो सानगडी' नावाचं पान चालवते, तिथे तीनशे आहेत, आणि त्यातले निम्मे नातेवाईक.

मागच्या वर्षी काकांनी आपल्या मंडईच्या नाटकात इन्स्पेक्टरचं काम केलं, तेव्हा तिने काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'इन्स्पेक्टर तिसऱ्या अंकात येतात. तोवर खुनी कंटाळून प्रेक्षकांत येऊन बसलेला असतो.' मंडई समितीच्या अध्यक्षाबद्दल असं! तर काकू, गावात कान उघडे ठेव. असं तिरकस कोण बोलतं ते मला कळव. नाव उघड झालं की मला पैकीच्या पैकी गुण आणि काकांच्या जिवाला शांती.

तुझी,
रीना


सानगडी, २० सप्टेंबर

चि. रीनास आशीर्वाद. अभ्यासाला लावून उरले तर प्रकल्पालाही वापर.

पत्र मिळालं. पोस्टमन श्रावण दारात उभा राहून विचारतो, "काकू, बँकेची नोटीस आली का वं?" घरच्या माणसाने लिहिलंय यावर त्याचा विश्वासच बसेना. शेवटी मी त्याला तुझं अक्षर दाखवलं, तेव्हा म्हणाला, डॉक्टर झाली का पोरगी.

कान उघडे ठेवायला सांगितलंस. बाई गं, कान उघडेच असतात, तोंडाचं काय ते बोल. तुझे काका रोज संध्याकाळी ओसरीवर समिती भरवतात. चहा माझ्याकडे, संताप त्यांच्याकडे. परवा म्हणत होते, "कोन व्हय हे दीपमाला? एकदा सापडू दे, चौकात उभी करतो तिले!" त्यावर गोपीचंद मोबाईलवाला म्हणाला, "भाऊ, बाई नाही ते. बाईच्या डोक्यात येवढं येत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा दिला. त्यात साखर घालायची विसरले होते, पण विषय इतका रंगला होता की कोणाला कळलं नाही.

संशय हिरालाल मास्तरांवर आहे. मला पटत नाही. निवृत्त झाले तरी त्यांच्यासमोर कोणी हसलं की ते अजून त्याला उभं करतात. असा माणूस लोकांना फुकटात कायले हसवील?

एक विचारू? तुझी आई सांगते की इंटरनेटवर तुझं नाव 'रिया' आहे. तुझ्या बारशाला मी होते, पाळण्याखालून तुला घेतलं होतं, आणि तेव्हा सगळ्यांनी रीनाच म्हटलेलं मला आठवतं. तू नाव बदललंस तर ती कला, आणि तिने कोंबडी लावली तर गुन्हा, असं कसं? मी अडाणी बाई, समजून घ्यायला विचारते.

इन्स्पेक्टरचं म्हणशील तर ते वाक्य लागलं खरं, पण खोटं नव्हतं. तुझे काका मंचावर आले तेव्हा माझाही डोळा लागला होता. दुसरा विषय घे, खोट्या खात्यांचा काही दुष्काळ नाही.

तुझी काकू


नागपूर, ३ ऑक्टोबर

प्रिय काकू,

रिया हे टोपणनाव आहे, त्याला ब्रँड म्हणतात. ते तुला नाही कळायचं, जाऊ दे.

दीपमाला हा पुरुष आहे, हे मी आता जवळपास सिद्ध केलंय. तिचे लेख पहाटे चारच्या सुमाराला येतात. त्या वेळी बाईमाणूस एक तर झोपलेली असते नाहीतर चूल पेटवत असते, लेख कुठे लिहीत बसेल? शिवाय ती स्वयंपाकाबद्दल, सणावाराबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि बायका इतकं टोचून लिहीत नाहीत, असं सरांचं मत आहे. सरांची पीएचडी याच विषयात आहे, त्यासाठी ते पुष्कळ बायकांशी बोलले असणार.

कारध्याच्या नाटकावर तिने लिहिलं होतं: 'नायिका पहिल्या अंकात विधवा होते, दुसऱ्यात आंधळी. तिसऱ्यात हिचं आता काय जायचं राहिलंय, एवढ्यासाठी लोक थांबले होते.' मी हसले नाही. म्हणजे हसले, पण अभ्यास म्हणून.

आता बेत ऐक. त्या साइटचा नियम असा की खातं खोटं असल्याच्या तक्रारी आल्या की ते ओळखपत्र मागतात. नाव जुळलं नाही की खातं बंद. त्या माणसाकडे दीपमाला नावाचं ओळखपत्र कुठून येणार? वर्गातल्या सगळ्यांना उद्या तक्रार करायला लावते आहे. मंडईच्या आधी काम फत्ते. काकांना आत्ताच सांगू नको, त्यांना दिवाळीची भेट म्हणून ठेवलंय.

तुझी,
रीना


सानगडी, १० ऑक्टोबर

चि. रीना,

हलक्या धानाची कापणी सुरू आहे, घाईत लिहिते. तक्रार केली असशील तर मागे घे. सरळच सांगते, कारण तिरकं बोललेलं तुला कळलं नाही.

समजा, ती बाईच असली. समजा, भाजीत मीठ बरोबर पडलं का, यापलीकडे तिला कोणी काही विचारत नसेल. नाटक पाहून घरी आल्यावर सगळे घोरायला लागतात आणि हिच्या डोक्यात नाटक चालूच राहतं. मग ती चूल पेटवते आणि पाणी तापेपर्यंत चार ओळी लिहिते. चूल आणि लेख एका वेळी होतात, तुझ्या सरांना विचार, त्यांच्या पीएचडीत ते आलं नसेल. यात तिने कोणाचं काय नेलं? इन्स्पेक्टरची अब्रू म्हणशील तर ती त्यांनी स्वतःच वर्दीसोबत भाड्याने आणली होती.

ओळखपत्रावर असतं तेच माणसाचं नाव, असं तुला कोणी शिकवलं? समजा म्हणते आहे. मला काय माहीत. पण खातं बंद झालं तर त्या बाईचं काय उरेल, याचा विचार कर.

तुझी काकू


नागपूर, १६ ऑक्टोबर

प्रिय काकू,

तुझं पत्र आलं तेव्हा तक्रारी होऊन गेल्या होत्या. आणि काकू, तू फार भोळी आहेस. कोणाच्याही बाजूने तुला वाईट वाटतं.

दीपमालाचं खातं काल बंद झालं! साइटने ओळखपत्र मागितलं, वाट पाहिली, तिकडून उत्तर नाही. खरं असतं तर दिलं नसतं का? नाव काही हाती लागलं नाही, पण सर म्हणाले, खोटं होतं हे सिद्ध झालं, पुरे. काकांना फोनवर सांगितलं (फोनची बंदी फक्त तुझ्यापुरती आहे). ते म्हणाले, "शाबास पोरी! पेढे वाटतो आज." दिवाळीला येतेच आहे, तेव्हा सगळं सविस्तर सांगेन.

तुझी विजयी,
रीना


सानगडी, २८ ऑक्टोबर

चि. रीना,

दिवाळीत तू आलीस, दोनदा विचारलंस, काकू बरं नाही का. मी म्हटलं, डोकं दुखतं. डोकं दुखत नव्हतं.

तुझ्या काकांनी खरंच पेढे वाटले. मलाही दिले आणि मी खाल्ले. दीपमाला मीच आहे, रीना.

नाव खोटं नव्हतं. सिहोऱ्याला बापाच्या घरी वीस वर्षं मी दीपमालाच होते. शाळेत, अंगणात, तलावावर, सगळीकडे. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या काकांनी त्यात अंगठीने 'मंदा' लिहिलं. तुझ्या आजीला मोठ्या सुनेला, म्हणजे तुझ्या आईला, चंद्रकांता म्हणून हाक मारताना धाप लागायची, म्हणून धाकटीचं आखूड ठरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीपमालाचं पुढे काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवरीने विचारायचं नसतं.

सिहोऱ्याला मंडईचं नाटक पाहून आलो की सकाळी मी अंगणात ते सगळं पुन्हा करून दाखवायची, खलनायकासकट. शेजारच्या बाया काम टाकून यायच्या. सानगडीच्या पहिल्या मंडईला मी एवढंच म्हटलं की नायक जरा जास्त रडतो. तुझी आजी म्हणाली, "सुनेनं नाटक पाहावं, बोलू नये." मग मी नुसतं पाहत राहिले. गेल्या वर्षी धर्मेंद्रने पुण्याहून जुना फोन पाठवला, आईला भजनं ऐकायला. पोरगा गुणाचा आहे. दोन-तीन भजनं ऐकलीसुद्धा.

साइटने ओळखपत्र मागितलं तेव्हा आधार कार्ड घेऊन बसले होते. त्यावर मंदाबाई भोजराज कापगते. चेहरा माझा. ते पाठवलं असतं तर म्हणाले असते, ही दुसरीच बाई आहे. दीपमाला म्हणून माझ्याजवळ दाखवायला एक चिटोरंही निघालं नाही. त्या दिवशी मी रडले, ते तुझ्यापासून कायले लपवू. अकरा हजार माणसं मला माझ्या नावाने ओळखत होती, आणि तू त्यांना सांगितलंस की अशी कोणी नाहीच.

खोटी ओळख शोधायला निघालीस आणि घरातली खरी तेवढी बुडवलीस. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तुझ्या काकांना सांगू नको. ते चौकात उभी करणार आहेत आणि माझे गुडघे दुखतात.

काकू


नागपूर, २ नोव्हेंबर

काकू,

काय लिहू? चार कागद फाडले. मला लाज वाटते. तू 'समजा' म्हणून सगळं सांगितलं होतंस आणि मी तुला भोळी म्हटलं.

तक्रार मागे घेतली. साइटकडून उत्तर आलं: 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.' पुन्हा लिहिलं, पुन्हा आभार मानले. तिकडे माणूस नाही, यंत्र आहे, आणि ते फार नम्र आहे. दीपमाला नावाचं ओळखपत्र द्या, मग बघू, एवढंच म्हणतं. मला प्रकल्पात पैकीच्या पैकी मिळाले. सरांना म्हटलं, हे चुकलंय, ती बाई खरी आहे. ते म्हणाले, निष्कर्ष जमा झाला आहे, आता वस्तुस्थिती बदलता येणार नाही.

आईला विचारलं, तुला ठाऊक नव्हतं का? तर म्हणते, "नाव ओळखीचं वाटे खरं, पन म्हटलं असंल दुसरी कोनी."

काकू, एक करता येईल. मंदाबाई नावाने नवीन खातं उघडू. आधारशी जुळेल, कोणाचा बाप बंद करू शकणार नाही. लिहिणारी तूच, मग नावाने काय फरक पडतो? हो म्हण ना.

रीना


सानगडी, ६ नोव्हेंबर

चि. रीना,

मंदाबाईला नाटकाबद्दल काही मत नाही. तिला कधी कोणी विचारलं नाही, त्यामुळे तिला सवय नाही. ती चहा चांगला करते.

राहू दे आता. रागावलेली नाही तुझ्यावर. भजनं ऐकते आहे.

काकू


मंडई उत्सव समिती, सानगडी
८ नोव्हेंबर

चि. रीना हिस अध्यक्षांचा आशीर्वाद.

विषय: दीपमाला हिला अथवा ह्याला परत आणणेबाबत.

वरील इसमाचा तू निकाल लावल्याबद्दल समितीने तुझ्या अभिनंदनाचा ठराव केला होता. तो मागे घेण्यात येत आहे. कारण असे की यंदा आजूबाजूच्या मंडया होऊन राहिल्या आहेत, नाटके होऊन राहिली आहेत, आणि त्यावर कोणी एक शब्द बोलत नाही. लोक नाटक पाहतात आणि घरी जाऊन झोपतात. वडशाच्या नाटक कंपनीचा मॅनेजर मला फोनवर म्हणाला, "दीपमाला लिहिणार असन तर चांगले नट पाठवतो, नाहीतर आहेत ते पाठवतो." म्हणजे आपल्याला आजवर कोणते पाठवले, हे मी विचारले नाही.

खाजगीत सांगतो. तिने मला नावे ठेवली तेव्हा राग आला. पण त्यानंतर साकोलीच्या बाजारात माणसे मला थांबवून म्हणत, "इन्स्पेक्टरसाहेब, या वर्षी तरी लवकर या." आता कोणी थांबवत नाही.

तरी तुझ्या अभ्यासाचा उपयोग करून सोबतचे निमंत्रण तिला पोचवावे. १५ तारखेला नाटकाआधी मंचावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. पुरुष निघाल्यास हरकत नाही, शाल दोघांना चालते.

ता. क. तुझी काकू आजकाल गप्प असते. चहातही लक्ष नाही. नागपूरला चांगला डॉक्टर असल्यास कळव.

तुझा काका,
भोजराज कापगते, अध्यक्ष


सानगडी, १८ नोव्हेंबर

चि. रीना,

आधी काम सांगते, नाहीतर राहून जाईल. नवीन खातं उघड, मंदाबाईच्या नावाचं नाही. त्यावर माझा फोटो लाव, धर्मेंद्रच्या साक्षगंधातला, त्यात मी बरी दिसते. जुने अकरा हजार गेले तर गेले. यायचे ते येतील.

तुझ्या काकांनी ओसरीवर बसून लिहिलेलं निमंत्रण नागपूर पाहून आलं आणि श्रावणने ते पुन्हा त्याच ओसरीवर आणून दिलं. वर तू लिहिलंस, 'काकू, जा.' मी जाणार नव्हते. मंडईला गेले, पण नाटक पाहायला. बायकांच्या बाजूला शेजारच्या रिताजवळ चटईवर बसले. ठरवलं होतं की नाव पुकारतील, कोणी उठणार नाही, नारळ देवाला जाईल आणि विषय संपेल.

तुझे काका इन्स्पेक्टरच्या वर्दीतच मंचावर आले. तिसऱ्या अंकापर्यंत धीर कोणाला? माइकवर म्हणाले, "दीपमालाबाई, जिथं असाल तिथून मंचावर या." कोणी हललं नाही. हिरालाल मास्तर शिंकले तर अख्खं गाव त्यांच्याकडे बघू लागलं, ते बिचारे 'मी नाही, मी नाही' करत सुटले. रिता मला म्हणाली, "लपून लिवनारा बाप्या असा उठून येते का वं?" मी म्हटलं, "कायले येईल."

काका मात्र बोलावतच राहिले. रीना, सव्वीस वर्षांत या माणसाने मला नावाने हाक मारलेली नाही. 'अवं' म्हणतात. फार प्रेम आलं तर 'अवं, ऐकते का'. ज्या मंदासाठी ताटभर तांदूळ पसरले, तिलाही कधी हाक मारली नाही. नुसतं 'अवं'च म्हणायचं होतं तर दीपमाला काय वाईट होती? आणि आता सगळ्या गावासमोर, हात जोडून, घसा बसेपर्यंत, "दीपमाला, या जी. दीपमाला, तुमच्याबिगर मंडईले मजा नाही." कोणाला बोलावून राहिलो, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले. मग बसवलं नाही.

मी उठले तर रिताने पदर ओढला, म्हणाली, "आता कुठं चालली?" बायकांमधून वाट काढत मंचाच्या पायऱ्या चढले. तुझ्या काकांनी घाईघाईने माइकवर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "अवं, तू कायले आली वर? चाबी पायजे का घरची?"

मी म्हटलं, "तुमीच त बोलावलं."

ते बघत राहिले. खाली लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं, त्यांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यांवर शाल पांघरली, ती उलटी, आणि माइकवरचा हात काढून गावाला सांगितलं, "ह्या दीपमाला. आमच्याच घरी राह्यतात."

तुझी काकू,
दीपमाला